पुस्तकात नसलेलं प्रकरण

२२ नोव्हेंबर १९८२, सोमवार

आजचं रेडिओचं रेकॉर्डिंग म्हणजे कठीण प्रकार. पाहुणे पुस्तकांची मुखपृष्ठं करणारे चित्रकार. अतिशय सज्जन माणूस, पण बोलायला तयार नाही.
‘रंग कसे ठरवता?’
‘बघून.’
‘लेखकाशी आधी चर्चा होते?’
‘नाही.’
‘पुस्तक वाचता ना पण?’
‘कधी कधी.’
अर्धा तास भरायचा होता. शेवटी मीच बोलत सुटले. लाल दिवा गेला आणि कँटीनमध्ये चहा समोर आल्याबरोबर यांची गाडी अशी सुटली की थांबेना. कुठल्या कवीने निळ्या रंगावरून भांडण केलं, कुठल्या प्रकाशकाने बाईचं चित्र उलटं छापलं... आमचे टिपणीससाहेब म्हणाले, "नलिनीबाई, पुढच्या वेळी माइक चहाच्या कपात सोडा."

निघताना साहेबांनी एक पुस्तक हातात ठेवलं. "हे बघा. पनवेलच्या जुन्या बंदरावर. कोणी निवृत्त मास्तर आहेत. चांगलं लिहितात, बोलवा त्यांना. तुम्ही वाशीला राहता, तुम्हाला जवळ पडेल."
पुस्तक ओळखीचं होतं. आमच्याकडे कपाटात दोन प्रती आहेत.
"साहेब, हे माझे वडील."
साहेबांनी चष्मा काढला, परत लावला. म्हणाले, "मग सुरुवातीलाच सांगून टाका, की हे माझे वडील. लपवायचं काय त्यात? उलट लोक कान देऊन ऐकतील."
लोक ऐकतील. अप्पा येतील का?

२४ नोव्हें., बुध

घरी वसंतला सांगितलं तर हसून हसून ठसका लागला त्याला. म्हणे, "तू अप्पांना प्रश्न विचारणार? आणि ते उत्तर देणार? आजवर उलटंच चालत आलंय."
आमची केतकी विचारते, आजोबा रेडिओत आल्यावर धोतर नेसतील की पँट.

शेजारच्या सावंतांकडे रंगीत टीव्ही आला. सगळा मजला त्यांच्या हॉलमध्ये. सावंतवहिनी मला म्हणाल्या, "तुमचा रेडिओ कोणी ऐकतं का हो अजून?" मनापासून विचारलं, टोमणा नव्हता. मी म्हटलं, ऐकतात. कोण ऐकतं ते मात्र सांगता आलं नाही.

संध्याकाळी खाडीकडून गार वारा. व. आणि मी चालत मार्केटपर्यंत. कांद्याचे ट्रक रांगेने उभे. नवीन शहर, नवीन झाडं. सावली पडायला अजून दहा वर्षं लागतील म्हणतो व. मला आहे तसंच आवडतं.

२८ नोव्हें., रवि — पनवेल

सकाळच्या एस.टी.ने आम्ही तिघं. आईने वालाचं बिरडं केलेलं. जेवण होईपर्यंत मी विषय काढला नाही.
काढल्यावर अप्पा बराच वेळ अडकित्त्याशी खेळत राहिले. मग अटी.
"प्रश्न आधी लिहून दे."
"मी कोणालाच देत नाही अप्पा."
"मी तुझ्या ‘कोणालाच’मध्ये बसतो का?"
"रेडिओवर बसता."
आईने स्वयंपाकघरातून, "मी तुमच्या दोघांच्या मध्ये पडणार नाही," असं सांगितलं आणि लगेच पडली: "जा की हो. जन्मभर पोरांना शिकवलंत ते वर्गात भिंतींनी ऐकलं. आता गाव ऐकेल."
दुसरी अट, मी ‘अप्पा’ म्हणायचं नाही. "सर म्हण. किंवा नाव घे."
वडिलांचं नाव घेऊ? ‘सर’वर तडजोड झाली.
आणि ते मला काय म्हणणार? "मी तुला ‘आपण’ म्हणेन," असं गंभीरपणे म्हणाले. केतकी जी हसत सुटली...

म्हणजे येणार. जिना उतरताना आई कानात म्हणाली, "दर बुधवारी ऐकतात तुझं. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस."

२ डिसेंबर, गुरु

अप्पांचं पुस्तक पहिल्यांदा पूर्ण वाचलं. (छापून आलं तेव्हा चाळलं होतं फक्त. मुलगी म्हणून चालतं, मुलाखत घ्यायची तर नाही चालत.)
चांगलं आहे. खरंच चांगलं. मिठागरं, कौलं, भाताची निर्यात, भरतीच्या वेळा बघून भरणारा बाजार. कुठे अलंकार नाही. वाचताना त्यांचा आवाज येतो, फळ्यावर खडू घासल्याचा पण येतो.

एक गोष्ट मात्र खटकली, आणि आता डोक्यातून जात नाही. नाखव्यांवर काहीच नाही. ज्यांचे मचवे होते, ज्यांच्या शिडांवर हे सगळं बंदर चाललं, त्या मुसलमान घरांचा उल्लेख दोनच ओळींत. ‘नौकानयन मुख्यत्वे स्थानिक नाखव्यांच्या हाती होते.’ संपलं.
हसनचाचांचं नावसुद्धा नाही!

हसनचाचा म्हणजे अप्पांचे सगळ्यात जवळचे मित्र. त्यांच्या घराण्याचे मचवे मुंबईला जायचे. नंतर दर्या सोडून त्यांनी लाकडाची वखार काढली, ती अजून आहे. मी लहानपणी त्या वखारीत सागाच्या ओंडक्यांवर बसून गोळ्या खाल्ल्यात. तेव्हा अप्पा आणि चाचा रोज संध्याकाळी धक्क्यावर असायचे. अर्धं बंदर अप्पांना चाचांनी दाखवलं असेल. मग?

वसंतला म्हटलं, मला हे विचारायला भीती वाटते. उत्तर आवडलं नाही तर?
तो पेपरमधून मान वर न करता म्हणाला, "परका लेखक असता तर विचारलं असतंस?"
असतं.
"मग झालं."
झालं काय. त्याला नाही स्टुडिओत बसायचं.

७ डिसें., मंगळ

झालं रेकॉर्डिंग. नीट क्रमाने लिहिते.

अप्पा कोट घालून आले. बस वाशीच्या पुलावर आली तेव्हा जागेवरून उठून खिडकीपाशी गेले, आणि खाडीत एकही शीड नाही म्हणून मलाच रागावले. स्टुडिओत काचेपलीकडच्या इंजिनिअरला नमस्कार केला. पाण्याचा पेला सरकवून ठेवला, घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, तपासणी अधिकारी आल्यासारखे ताठ.

मी सुरुवातीलाच सांगितलं, आजचे पाहुणे माझे वडील आहेत. अप्पा लगेच, "पण इथे त्याचा संबंध नाही." इंजिनिअर हसताना दिसला.

मग मस्त रंगलं. भरतीचा बाजार सांगताना ते विसरले की माइक आहे. ‘आपण’ चारदा म्हणाले, मग ‘तू’वर आले, मग एकदम ‘आपण तू’. मी हसले. तेही. अप्पांबरोबर इतकं हसल्याचं मला आठवत नाही.

आणि मग मी विचारलं. "सर, या बंदरात ज्यांचे मचवे होते त्या नाखवा घराण्यांवर तुमच्या पुस्तकात प्रकरण नाही. ते का?"

अप्पा गप्प. मला वाटलं आठवताहेत. मग कळलं, आठवत नाहीयेत. पेल्याकडे बघत होते. इंजिनिअरने काचेतून हात केला, पुढे चला. मी नाही गेले. का नाही गेले माहीत नाही. दुसऱ्या कोणाला मी सावरून घेतलं असतं.

मग हळू आवाजात: "प्रश्न बरोबर आहे. त्या घराण्यांपैकी एकाची हकीकत मला सांगितली गेली होती. मित्राने सांगितली, मित्र म्हणून. लिहू नका म्हणाला. ती हकीकत वगळून बाकीचं लिहिता आलं असतं, पण ती वगळली की त्या माणसांनी दर्या का सोडला ते खोटंच सांगावं लागलं असतं. खोटं लिहिण्यापेक्षा पानं कोरी ठेवली. इतिहास लिहिणाऱ्याने असं करू नये. मी केलं."

मी काहीतरी पुढचं विचारलं. काय ते टेप ऐकल्याशिवाय सांगता येणार नाही.

मी काय काय समजून बसले होते! अप्पांना त्या माणसांचं मोल नाही, असं. आठवडाभर मनात त्यांच्याशी भांडत होते.

बस स्टॉपवर अप्पा म्हणाले, "नलू, तेवढं कापून टाक."
"का? सगळ्यात चांगलं तेच आहे."
"पनवेलला माझे मित्र किती? पोरंसोरं सांगतील कोण ते. तीस वर्षं मी ती गोष्ट पोटात ठेवलीय आणि आज माइकसमोर..." बस आली.

८ डिसें., बुध

टेप ऐकली. साहेबही बसले होते. मी म्हटलं, तो प्रश्न आणि उत्तर दोन्ही काढायचंय.
"वेड लागलंय का? मधला गप्प बसलेला तुकडा काढा हवा तर. श्रोत्यांना वाटेल रेडिओ बंद पडला. पण उत्तर काढायचं नाही."
मला उलट वाटतंय. कापायचं तर सगळं. नाहीतर ती शांतता राहिलीच पाहिजे. त्या शांततेनंतर ते उत्तर येतं म्हणून ते तसं आहे.
साहेब म्हणाले, प्रसारण २२ला. तोवर ठरवा.
ब्लेड आणि चिकटपट्टी घेऊन बसले, आणि तशीच उठले.

व. म्हणतो अप्पांचं ऐक. मग पाच मिनिटांनी, "पण हे ठरवणारे तुम्ही दोघं कोण? गोष्ट तिसऱ्याचीच आहे."
हा माणूस कधी कधी इतकं बरोबर बोलतो की राग येतो.

१२ डिसें., रवि — पनवेल

अप्पांना न सांगता गेले. पोर्टेबल मशीन साहेबांकडून मागून घेतलं होतं, खांदा तुटला. सरळ वखारीत.

हसनचाचा खुर्चीत उन्हात बसलेले. दाढी आता पूर्ण पांढरी. "अरे नलू! एकटी? घरवाला कुठं हाय? पोरगी?" मग आत ओरडून नमकीन, चहा, सगळं. मी सांगितलं, चाचा, आधी एक ऐका. तुम्ही ऐकल्याशिवाय हे रेडिओवर जाणार नाही.
करवत बंद करायला लावली त्यांनी. भुसा उडत होता, मशीनवर मी पदर धरला.

भरतीच्या बाजाराला मान डोलावत होते. "बरोबर हाय... बरोबर सांगतो मास्तर." मग माझा प्रश्न आला. मग ती शांतता. चाचांनी मान डोलवायची थांबवली.
उत्तर संपलं. मी बटण दाबलं.
"परत लाव."
परत लावलं.
"अजून एकदा. तो गप बसतो ना, तिथून."

तिसऱ्यांदा ऐकल्यावर म्हणाले, "मला वाटलं, पुस्तकात आमी नाय, म्हनजे मास्तरला आमची शरम वाटली. मी पुस्तक वाचलं ना. पोराकडून वाचून घेतलं पुरं. काय बोललो नाय त्याला. धक्क्यावर जायचा बंद झालो. गुडघा दुखतो म्हनून सांगितलं."

म्हणजे पुस्तक आल्यापासून वर्षभर! आणि अप्पांना वाटतंय खरंच गुडघा दुखतो. दर शुक्रवारी तेल पाठवतात आईच्या हातचं.

"चाचा, लिहू नका हे तुम्हीच म्हणाला होतात ना?"
"बोललो असेन." चाचांनी गुडघ्यावरचा भुसा झटकला. "मी इसरलो होतो बेटी. तो नाय इसरला."

डोळ्यांत पाणी आलं ते पुसलं नाही, येऊ दिलं. मग मला दटावल्यासारखं: "लाव रेडिओवर. कापू नको काय. तो गप बसतो ते पन ठेव."

अप्पांकडे गेलेच नाही. आईला कळलं तर ओरडेल, गावात येऊन घरी नाही आलीस. पण मला आज तिथे तोंड सरळ ठेवता आलं नसतं.

१५ डिसें., बुध

साहेबांना सांगितलं, शांततेसकट जाईल. ते म्हणाले, "जबाबदारी तुमची." म्हटलं, माझी.
अप्पांना पोस्टकार्ड टाकलं: कापलेलं नाही. ज्यांना विचारायला हवं होतं त्यांना विचारलं. रागावू नका. २२ला आम्ही येतो.
उत्तर नाही. अप्पांकडून उत्तर न येणं म्हणजे काय ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

२२ डिसें., बुध

व.ने हाफ डे घेतला. पनवेलला पोचलो तर आईने खोली झाडून सतरंजी घातलेली, जणू कीर्तन आहे. अप्पा रेडिओपाशी, माझ्याकडे बघेनात. "काय ठरवलंस ते ठरवलंस," इतकंच.

कार्यक्रम सुरू व्हायला थोडा वेळ असताना जिन्यावर काठीचा आवाज. हसनचाचा, मागे त्यांची बीबी जैनबचाची डबा घेऊन.
अप्पा उठले. "गुडघा?"
"बरा झाला."
"कधी?"
"रविवारी."
अप्पांनी माझ्याकडे बघितलं. पोस्टकार्डाचा अर्थ लागला असावा. स्वतःची खुर्ची चाचांना दिली आणि आपण पलंगावर बसले.

सगळे ऐकत होतो. ‘आपण तू’ला केतकी हसली, चाचीही. शांतता आली तेव्हा आईला वाटलं रेडिओ बिघडला, ती उठून हात लावायला गेली तर चाचा म्हणाले, "राहू दे भाभी. चालू हाय."
उत्तर संपेपर्यंत दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.
नंतर निवेदन, मग गाणं लागलं. अप्पांनी रेडिओ बंद केला. चाचा म्हणाले, "आवाज चांगला लागतो तुझा मास्तर. घरात एवढा चांगला नाय लागत." आई म्हणाली, मी हेच सांगते.
डब्यात सांदणं होती. सगळ्यांनी खाल्ली. त्या उत्तराबद्दल कोणी बोललं नाही, तरी निघताना दोघं जिन्यात उभं राहून खूप वेळ काहीतरी बोलत होते. केतकी म्हणते, धक्क्याचं बोलत होते, उद्याचं.

३१ डिसें., शुक्र

पत्रं आली! बुधवारच्या कार्यक्रमाला एवढी पत्रं कधी येत नाहीत. एका बाईंनी अलिबागहून लिहिलंय, वडील थांबले तेव्हा मी पोळी लाटायची थांबले. सावंतवहिनींना दाखवलं. त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी सांगा, टीव्ही बंद ठेवू.
साहेब खूश. मीही. आज बाकी काही लिहायला नको.

१६ जानेवारी १९८३, रवि — पनवेल

चाचांचा निरोप आला होता: नलूला सांगा, मशीन घेऊन ये.

वखारीत नाही, घरी. माजघरात. अप्पांना बोलावलेलं. चाचा नवा कुर्ता घालून बसलेले. म्हणाले, "विचारायचं नाय. मी सांगतो. तू फक्त चालू ठेव."

सांगितलं. सगळं इथे लिहीत नाही, कारण अजून तशी परवानगी नाही. एवढंच की चाचांचे वडील आणि काका, दोन भाऊ, दोन मचवे. वादळात धाकट्याचा मचवा मोडला, थोरल्याने तो दोरखंडाने ओढत आणायला घेतला. रेवदंड्याच्या पुढे दोन्ही बुडणार असं दिसलं तेव्हा थोरल्याने दोरखंड तोडला. घरी येऊन आपल्या आईला सांगितलं, दोर तुटला. त्यानंतर त्या घरातल्या कोणी शीड उभारलं नाही.
चाचांना हे वडिलांनी मरताना सांगितलं. चाचांनी फक्त अप्पांना.

आवाज कुठे हलला नाही. काकाच्या मचव्यावर कोण कोण होतं ते सांगताना मात्र अडखळले. तीन नावं घेतली. "चौथा... चौथा कोन होता रे मास्तर?"
"आदम," अप्पा म्हणाले. "चार पैसे जोडायला म्हणून पहिल्यांदाच निघालेला. बहिणीचं लग्न होतं."
"आदम," चाचा म्हणाले. "हां. आदम."

मशीन बंद केलं. मी विचारलं, चाचा, हे लावायचं का रेडिओवर?
"काकाचा पोर हाय उरनला. याकूब. माज्याहून म्हातारा. त्याला अजून दोर तुटला एवढंच माहीत हाय. आधी त्याला सांगाया पायजे, रेडिओनं नको सांगाया." मग, "तो हो बोलला तर लाव. मास्तरनं पन लिवावं मग. नाय बोलला तर नको."
"मी येतो बरोबर," अप्पा म्हणाले.
"तू कशाला?"
"तुला नावं आठवत नाहीत."

परत येताना एस.टी.त केतकी खांद्यावर झोपली, मशीन पायाशी. बरं वाटत होतं, का ते सांगता येत नाही.

१९ जाने., बुध

आज दोघं सकाळच्या गाडीने उरणला गेले. मला एका बाईंची मुलाखत घ्यायची होती, भरतकाम करणाऱ्या कलाकार, गोड बोलतात, पण माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे. साहेब म्हणाले, कुठे आहात?

संध्याकाळी सावंतांच्या फोनवर आईचा फोन. टीव्ही चालू होता, एक कान बंद करून ऐकलं.
"आले का गं?"
"नाही. शेवटची एस.टी. येऊन गेली. त्या याकूबभाईंनी कोणाकडून तरी निरोप पाठवलाय, दोघं आज तिथेच राहणार. जेवायला ठेवून घेतलंय म्हणे."
"मग सांगितलं का त्यांनी? काय म्हणाले याकूबभाई?"
"ते नाही कळलं. निरोप एवढाच. जेवायला ठेवून घेतलंय, म्हणजे..."
"म्हणजे काय?"
"मला काय माहीत. तूच सांग."
मलाही माहीत नाही. पण आई हसत होती, ते फोनवर ऐकू आलं.